अर्ध्या इंचाचा बाक

ओरेस्ट पालिव्होदाच्या खुर्चीत बसल्यावर दोन विषय काढायचे नाहीत, हे लार्च फॉल्समधल्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक होतं. एक म्हणजे पुरुषांनी खांद्यापर्यंत केस वाढवायची नवी फॅशन. दुसरा, गेल्या शनिवारी त्याने कुठल्या गावात कुणाला दोन मिनिटं बाहेर बसवलं, हा. आठवडाभर तो न्हावी असायचा. शनिवार-रविवारी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट पिशवीत कोंबून बर्फातून गाडी हाणायचा आणि आइस हॉकीचा पंच व्हायचा.

पाच गावांची ती लीग काही मोठी नव्हती. खेळाडूंना पगार मिळायचा, पण उन्हाळा आला की त्यातले निम्मेअधिक पुन्हा निकेलच्या खाणीत उतरायचे. तरी खेळ पोटापाण्याचा आणि चुरस जिवावरची. म्हणून लीगने ठरवलेलं होतं की पंचाने स्वतःच्या गावच्या सामन्यात उभं राहायचं नाही. ओरेस्टला हे ठरवणाऱ्याचे पाय धरावेसे वाटायचे. ज्यांच्या मानेवर वस्तरा फिरवायचा त्यांच्याच नावाने शिट्टी कोण वाजवणार?

त्या वर्षी, म्हणजे एकाहत्तरच्या हिवाळ्यात, लीगने आणखी एक गोष्ट पक्की केली. स्टिकच्या पात्याला अर्ध्या इंचाहून जास्त बाक चालणार नाही. खेळाडूंना तेव्हा बाकाचं वेडच लागलं होतं. वाफेवर पातं मऊ करायचं, दाराच्या फटीत घालून वाकवायचं आणि थंड पाण्यात बुडवायचं. अशा केळ्यासारख्या पात्यातून सुटलेला पक, म्हणजे खेळातली ती रबरी चकती, हवेत डुलत, वळत, मधेच खाली झेप घेत जायचा. तो नेमका कुठे जाणार हे गोलकीपरला कळायचं नाही. खरं तर मारणाऱ्यालाही कळायचं नाही.

प्रत्येक पंचाला एकेक पितळी माप मिळालं. बहुतेकांनी ते गाडीतच ठेवलं. प्रतिस्पर्धी कर्णधाराने मागणी केली तरच स्टिक मापायची असे, आणि संशय खोटा ठरला तर दोन मिनिटांची शिक्षा मागणाऱ्याच्याच संघाला. त्यामुळे आधी कुणी मागत नसे, आणि कुणी मागितलंच तर पंच माप जरा तिरकं धरून ‘ठीक आहे, चला, खेळा’ म्हणून मोकळे होत. सगळ्यांच्याच स्टिका वाकड्या. कोण कुणाकडे बोट दाखवणार?

ओरेस्ट मात्र माप सरळ धरायचा. जानेवारीत केटल बे गावच्या सामन्यात एक पक असाच मधेच वर उसळला आणि गोलकीपरच्या मुखवट्याच्या भोकावर बसला. बर्फावर गुडघे टेकून ओरेस्टनेच त्याचा मुखवटा काढला होता. तो तरुण पोरगा पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, “दिवे का घालवले?” मैदानातले सगळे दिवे चालू होते. त्याचा तो डोळा गेला तो गेलाच. त्यानंतर कुणी कितीही शिव्या घातल्या तरी ओरेस्टचं माप गाडीत राहिलं नाही. शर्टाच्या खिशात आलं.

लार्च फॉल्सच्या संघात सगळ्यात वाकडी स्टिक कुणाची, हे विचारायची गरजच नव्हती. रेनो कांगास. वय तेहतीस, अंगाने सडपातळ, आणि डाव्या बाजूने असा फटका मारायचा की अख्खं गाव उभं राहायचं. बापाच्या सौनामध्ये, तापल्या दगडांवर पाणी ओतून केलेल्या वाफेत, तो पाती वाकवायचा. त्याचे केस तो दहा वर्षांचा असल्यापासून ओरेस्टच कापत आला होता.

मार्चच्या शेवटी अंतिम फेरी सहा सामन्यांत बरोबरीत अडकली आणि सातवा सामना लार्च फॉल्सला आला. रविवारी दुपारी. पोर्ट ॲल्डरचा संघ आदल्या दिवशीच बसने येऊन थडकला होता. रविवारी सकाळी वादळ सुटलं, रस्ता बंद झाला, आणि येणारा पंच वाटेतल्या कुठल्याशा पेट्रोल पंपावर अडकून पडला.

ओरेस्ट आणि त्याची बायको स्टेफा चर्चमधून येऊन नुकतेच जेवायला बसत होते. ताटात पेरोगी, बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, वाफाळत होत्या. एवढ्यात दार वाजलं. दारात गावच्या संघाचा मॅनेजर आणि पोर्ट ॲल्डरचा प्रशिक्षक मॅकएल्हिनी असे दोघं खांद्याला खांदा लावून उभे होते. दोघांच्या भुवयांवर बर्फ. असा जोडा गावाने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

“ओरेस्ट, तूच रे बाबा आता,” मॅनेजर म्हणाला. “लीगच्या ऑफिसला फोन केला. दोघांची हरकत नसेल तर चालेल म्हणाले.”

“आणि तुमची हरकत नाही?” ओरेस्टने मॅकएल्हिनीला विचारलं.

“तू आमच्या पोरांना या वर्षी इतक्या वेळा बाहेर बसवलंयस की तुझा रागच येत नाही आता,” मॅकएल्हिनी म्हणाला. “रस्ता उघडला की माझी निम्मी पोरं कामावर गेली पाहिजेत. वादळ संपायची वाट बघत बसलो तर इथेच म्हातारे होऊ.”

ते गेल्यावर स्टेफाने काटा खाली ठेवला. “नाही म्हण.”

“का?”

“का काय! गाव जिंकलं तर म्हणतील पंच आपलाच होता. हरलं तर म्हणतील पंच आपलाच होता ना. तुझं दोन्हीकडून मरणच आहे.”

“मग सामना होणार कसा?”

“नाही झाला तर आभाळ कोसळेल काय?” असं म्हणत तिने त्याच्या ताटात आणखी दोन पेरोगी वाढल्या. “खाऊन तरी जा. रिकाम्या पोटी शिव्या पचत नाहीत.”

खेळाआधी ओरेस्ट दोन्ही संघांच्या खोल्यांत गेला आणि दोन्हीकडे एकच वाक्य बोलला. “माप माझ्या खिशात आहे. कुणी मागितलं तर मी मापणार, आणि जे निघेल ते सांगणार. ज्याला स्टिक बदलायचीय त्याने आत्ताच बदला.”

पोर्ट ॲल्डरच्या खोलीत तीन-चार जण मुकाट्याने उठले आणि भिंतीशी लावलेल्या स्टिका चाळू लागले. लार्च फॉल्सच्या खोलीत हशा पिकला.

“ओरेस्ट, कात्री आणलीय का?” कुणीतरी ओरडलं. “माप झालं की तेवढी दाढीही करून टाक.”

रेनो बूट बांधत होता. मान वर न करता तो म्हणाला, “कोण मागतंय? त्यांच्या स्वतःच्या स्टिका माझ्याहून वाकड्या आहेत.”

“होत्या,” ओरेस्ट म्हणाला. “आता ते बदलतायत.”

रेनोने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या स्टिकच्या पात्यावरून हात फिरवला. “याच स्टिकने इथवर आलोय,” तो म्हणाला आणि पुन्हा नाडीला लागला. कोपऱ्यात गोलकीपर आर्मां शारेत गुडघ्याचे पॅड आवळत होता.

सामना सुरेख झाला. शत्रूनेही मान्य करावा असा. तिसऱ्या, शेवटच्या सत्रात रेनोचा एक फटका हवेत सापासारखा वळला आणि लार्च फॉल्स तीन-दोनने पुढे गेलं. छताचे पत्रे हादरतील एवढा कल्लोळ झाला. थोडाच वेळ उरला होता. गावात चषक यायला तेवढाच अवकाश होता.

तेवढ्यात पोर्ट ॲल्डरचा कर्णधार सावकाश घसरत ओरेस्टजवळ आला. घामाने त्याचे केस कपाळाला चिकटले होते. “अकरा नंबरची स्टिक,” तो म्हणाला. “माप.”

अकरा नंबर रेनोचा. ओरेस्टने त्याच्याकडे जाऊन हात पुढे केला. रेनोने स्टिक लगेच दिली नाही. “ओरेस्ट,” तो अगदी हळू म्हणाला, “चार मिनिटं राहिलीत हो.”

“दे.”

वेळ मोजणाऱ्याच्या टेबलावर ओरेस्टने स्टिक आडवी ठेवली. आरडाओरडा हळूहळू विझत गेला आणि कुणाचा तरी खोकला सुद्धा ऐकू यायला लागला. माप धरायचं सोपं असतं. पात्याच्या टाचेपासून टोकापर्यंत सरळ पट्टी टेकवायची आणि मधे जी पोकळी राहते तिच्यात पितळी तुकडा सरकवायचा. अडला तर स्टिक बरोबर, आरपार गेला तर चूक. पण पट्टी केसभर तिरकी धरली तर तुकडा अडतोच. बघणाऱ्याला काही कळत नाही. ते फक्त धरणाऱ्या हाताला कळतं.

ओरेस्टने नजर वर केली. समोरच्या रांगेत त्याचीच गिऱ्हाइकं बसली होती. कुणाच्या डोक्यात कुठे भोवरा आहे, कुणाच्या कानामागे व्रण आहे, सगळं त्याला पाठ होतं. कसायाच्या दुकानातला कार्लो दोन्ही हात जोडून बसला होता. त्याक्षणी ओरेस्टला मनापासून वाटलं, धरावी जरा तिरकी. कुणाचं काय जातं? आजचा दिवस जाऊ दे. बोटं खरंच किंचित हलली सुद्धा.

मग त्याने पट्टी सरळ केली. तुकडा पोकळीतून असा गेला की खाली टेबलावर पडून खणकन वाजला. बाक पाऊण इंचाच्याही वर होता.

“अकरा नंबर, दोन मिनिटं.”

त्या दोन मिनिटांत, लार्च फॉल्सचा एक गडी कमी असताना, पोर्ट ॲल्डरने बरोबरी साधली. जादा वेळात त्यांनी गोल केला आणि चषक त्यांच्या बसमध्ये चढला. बाहेर येताना कुणी ओरेस्टला हात लावला नाही, शिवीही दिली नाही. लोक बाजूला झाले आणि त्याला वाट करून दिली. त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

सोमवारी सकाळी दुकानाच्या दाराला एक केळं दोरीने टांगलेलं होतं. ओरेस्टने ते सोलून खाल्लं आणि दुकान उघडलं. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. संध्याकाळी एक परगावचा ट्रकवाला आला, त्याला गावातलं काही माहीत नव्हतं.

“ओरेस्टने अख्ख्या गावाची बिनपाण्याने हजामत केली,” असं गावात म्हणू लागले, आणि मग खऱ्या हजामतीला कुणी फिरकेना. काही जण तीस मैलांवरच्या गावात जाऊ लागले. बाकीच्यांच्या बायकांनी घरीच कात्र्या हातात घेतल्या. एप्रिल संपेपर्यंत लार्च फॉल्समधल्या पुरुषांची अशी काही कळा झाली की बघवेना. कुणाच्या डोक्यावर वाडगं पालथं घातल्यासारखं, कुणाचा एक कान उघडा तर एक झाकलेला. चर्चमध्ये पुढच्या रांगेतल्या माना बघून स्टेफाला प्रार्थनेच्या मधेच हसू फुटायचं आणि ती रुमाल तोंडावर धरायची.

“बघ, बघ त्या कार्लोकडे,” ती कुजबुजायची. “सूड तुझ्यावर उगवतायत, पण डोकं कुणाचं भादरलं जातंय?”

ओरेस्टला हसू यायचं नाही. दिवसभर रिकाम्या खुर्चीसमोर बसून वस्तऱ्याला धार लावायची, आधीच धार असलेल्या वस्तऱ्याला. एका रात्री जेवताना तो म्हणाला, “पुढच्या वर्षी शिट्टी सोडतो.”

“सोड,” स्टेफा म्हणाली. “पण दमला असशील म्हणून सोड. चुकलास म्हणून सोडू नकोस. तू चुकला नाहीस.”

मे महिना लागला, तळ्यावरचा बर्फ फुटला. एका दुपारी दुकानाचं दार धाडकन उघडलं. रेनो कांगास आत आला, काखेत स्टिकांचा भारा. खाणीतून थेट आला असावा, बुटांना चिखल होता. केस एका बाजूला मानेपर्यंत, दुसऱ्या बाजूला कानावर. त्याने भारा जमिनीवर आपटला.

“ते माप कुठाय?”

ओरेस्टने खण उघडून माप दिलं. रेनो खुर्चीत बसला, खेळाडूंच्या बाकड्यावर बसावं तसा पुढे झुकून, आणि एकेका स्टिकला पट्टी लावू लागला. प्रत्येक वेळी तुकडा आरपार गेला.

“एकही नाही,” तो शेवटी म्हणाला.

“मला माहीत होतं.”

“तुम्हाला सगळंच माहीत असतं!” रेनो उसळला. “मला अजून राग आहे हां तुमचा. सांगून ठेवतो. तुम्ही नुसते ‘ठीक आहे’ म्हणाला असता तर काय झालं असतं? या लीगमध्ये कोण तसं म्हणत नाही? तुम्ही एकटेच काय धर्मराज लागून गेलात?”

“म्हणणार होतो,” ओरेस्ट म्हणाला.

रेनो थबकला. “काय?”

“पट्टी तिरकी धरणार होतो. थोडी धरलीही होती.”

“मग?”

“मग केटल बेचा तो पोरगा आठवला. त्याच्या डोळ्यातलं रक्त माझ्या हाताला लागलं होतं, रेनो. त्या दिवशी फटका मारणाराही वाईट माणूस नव्हता. तो तिथेच बर्फावर बसून रडत होता.”

रेनो एक स्टिक उचलून तिचं पातं उलटसुलट करत म्हणाला, “काल आर्मांच्या घरी जेवायला गेलो होतो. त्याची बायको आत गेल्यावर तो म्हणाला, रेनो, एक सांगू? दोन वर्षं झाली, सरावाला तू फटका मारायला आलास की मी डोळे मिटतो. मी म्हटलं, गाढवा, सांगितलं का नाहीस? तर म्हणतो, गोलकीपरने असं सांगायचं नसतं. सांगितलं की दुसरा गोलकीपर आणतात.” त्याने नाक ओढलं. “दोन वर्षं. माझा जिगरी दोस्त. माझ्यासमोर डोळे मिटून उभा राहतो.”

“मग आता?”

“आता काय! या सगळ्या सरळ करायच्यात. वाफ देऊन उलट्या वाकवीन. निम्म्या तरी मोडतीलच.” त्याने स्टिक खाली ठेवली. “आणि मला सरळ पात्याने खेळताच येत नाही हो, ओरेस्ट. काल अंगणात करून बघितलं. फटका उचलतच नाही. तेहतिसाव्या वर्षी पहिल्यापासून शिकू?”

“लहानपणी कसा खेळायचास?”

“लहानपणी?” रेनो थोडा विचार करून म्हणाला, “लहानपणी पात्याच्या उलट्या बाजूने मारायचो. बापाची जुनी स्टिक होती, फळीसारखी सपाट. उलट्या हाताने असा पक निघायचा की कुणाला पत्ता लागायचा नाही. मग बाक आला. वाकड्या पात्याच्या पाठीवर पक टिकतच नाही, निसटतो. ते सुटलं.”

“सुटलेलं परत धरता येतं.”

“तुम्हाला काय, तुम्ही केस कापता.”

“तेही नीट बसलास तर,” असं म्हणून ओरेस्टने त्याच्या गळ्याभोवती पांढरं कापड झटकून बांधलं.

रेनो आधी उठायला गेला, मग आरशात स्वतःचं डोकं पाहिलं. “माझ्या बायकोने कापलेत,” तो ओशाळून म्हणाला.

“ते दिसतंय.”

दुकानाची काच रस्त्याला लागून होती. शाळेसमोरून येणारे दोघे काचेशी थांबले, आत पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि चालू लागले. थोड्या वेळाने त्यातला एक परत आला, दार अर्धवट उघडून म्हणाला, “ओरेस्ट, रांग आहे का?” रांग नव्हती. तो बसला. पुढच्या आठवड्यात आणखी सहा-सात जण आले. काही जण असे काही बसले की जणू कधी गेलेच नव्हते, आणि हवापाण्याच्या गप्पा मारून गेले. कार्लो मात्र आला नाही. तो आजही तीस मैलांवर जातो आणि त्याचं डोकं आजही तसंच दिसतं.

सप्टेंबरमध्ये सराव सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात संघाच्या प्रशिक्षकाने ओरेस्टला निरोप पाठवला, की मैदानावर ये आणि माप घेऊन ये. ओरेस्ट गेला तेव्हा खेळाडू आपापल्या स्टिका घेऊन कठड्याशी उभे होते. कुणी कुरकुरत होतं, कुणी म्हणत होतं की हा काय दवाखाना आहे का.

“शेजारच्या गावांच्या संघांनीही मागवलीत मापं,” प्रशिक्षक म्हणाला. “केटल बेवाल्यांनी आधी मागवली. मागच्या बैठकीत सगळे पंच कबूल झालेत, आता सरळ धरणार. तेव्हा आमची पोरं आधीच तपासलेली बरी.”

ओरेस्टने एकेक स्टिक घेतली. काहींत तुकडा अडला, काहींत गेला. ज्यांचा गेला त्यांना तो म्हणायचा, “घरी जा, वाफ दे, उद्या आण.” चिडवाचिडवी, ढकलाढकली झाली. ज्याची स्टिक सगळ्यात वाकडी निघाली त्याला बाकीच्यांनी टोपी काढून मुजरा केला.

रेनोची पाळी आली. त्याच्या तिन्ही स्टिका मापात बसल्या, एकीला तर नावालाच बाक. त्याने ती घेतली आणि बर्फावर उतरला. समोर गोलजाळीत आर्मां.

पहिला फटका कठड्याच्याही वरून गेला. दुसरा आर्मांच्या पॅडवर आदळला, मऊ, एखाद्या चेंडूसारखा. रेनोने फिनिश भाषेत काहीतरी पुटपुटलं, ज्याचा अर्थ ओरेस्टला ठाऊक होता आणि स्टेफाला सांगता आला नसता. तिसरा, चौथा, पाचवा. एकही जाळीत गेला नाही. कठड्याजवळ कुणीतरी खाकरलं.

मग रेनो डावीकडून आला, पक पात्याच्या पाठीवर घेतला आणि मनगट उलटं फिरवलं. पक फार वेगात गेला नाही, पण खालून सरळ उठला आणि आर्मांच्या खांद्यावरून जाळीच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसला.

आर्मांने मुखवटा वर सरकवला. त्याचे डोळे टक्क उघडे होते.

“अरे!” तो ओरडला. “दिसला! येताना दिसला मला!”

“मग अडवला का नाहीस, बैला?” रेनो हसत म्हणाला.

“अडवतो, अडवतो. मार परत.”

रेनो वळून पुन्हा सुरुवातीच्या जागी गेला. ओरेस्टच्या हातात पुढच्या खेळाडूने स्टिक ठेवली, आणि तो पट्टी टेकवू लागला.